मातीतील तेल मोजायचे कसे? एका आकड्याचा दीडशे वर्षांचा प्रवास

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. रसायनांनी दूषित झालेली १०३ स्थळे देशात नोंदली गेली असून त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी शुद्धीकरणाचे काम हाती घेण्यात आले आहे, ही माहितीही त्याच सुमारास पुढे आली. संशयित स्थळांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि दूषितीकरण सिद्ध झाल्यास जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, अशी या नियमांची सर्वसाधारण चौकट आहे.

या चौकटीतील ‘सिद्ध झाल्यास’ हे दोन शब्द दिसतात तितके साधे नाहीत. जमिनीत शिसे किंवा आर्सेनिक असेल, तर काम तुलनेने सोपे असते. शिसे हे मूलद्रव्य आहे. कोणत्याही पद्धतीने मोजले तरी शिशाचा अणू शिशाचाच राहतो. खनिज तेलाचे तसे नाही. कच्चे तेल हे हजारो संयुगांचे मिश्रण असते. त्यातील काही संयुगे उघड्या बाटलीतून तासाभरात उडून जातात, तर काही डांबरासारखी वर्षानुवर्षे मातीच्या कणांना चिकटून राहतात. प्रयोगशाळेच्या अहवालात या सगळ्यांसाठी एकच आकडा छापला जातो: ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, अमुक मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम’. या आकड्यातील ‘एकूण’ म्हणजे नेमके किती, हे मापनाची पद्धत ठरवते. पद्धत बदलली की आकडा बदलतो. म्हणूनच या पद्धती कशा घडल्या, हा केवळ रसायनशास्त्राचा इतिहास राहत नाही. तेलविहिरीशेजारच्या शेतकऱ्याला भरपाई मिळणार की नाही, याचाही तो इतिहास आहे.

तेल आधी, मोजमाप नंतर

भारतात या गोष्टीची सुरुवात आसामात होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वरच्या आसामात फिरणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी बुढी दिहिंग नदीच्या काठांवर जमिनीतून आपोआप पाझरणारे तेल पाहिले आणि त्याच्या नोंदी केल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एच. बी. मेडलिकॉट यांनी १८६५ मध्ये माकुम परिसरात विहिरी खोदून पाहण्याची शिफारस केली. १८६७ मध्ये तेथे तेल लागले. १८८९ मध्ये दिग्बोईच्या विहिरीचे काम सुरू झाले आणि १९०१ मध्ये दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे. पुढे १९५३ मध्ये नाहरकटिया आणि १९५६ मध्ये मोरान येथे तेल सापडले. १९६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वर, तर १९७४ मध्ये मुंबई हाय या क्षेत्रांची भर पडली.

या दीर्घ काळात तेल किती निघाले, याचा हिशेब पिंपा-पिंपाने ठेवला गेला. मातीत किती मुरले, याचा हिशेब कोणी मागितला नाही. मागितला असता तरी तो देण्याची सर्वमान्य पद्धत तेव्हा अस्तित्वात नव्हती. आसामातील हे नैसर्गिक पाझर पुढच्या काळासाठी एक पेच मागे ठेवून गेले. ज्या प्रदेशात जमीन स्वतःच तेल गाळते, तेथे मातीत सापडलेले तेल निसर्गाचे की माणसाने सांडलेले, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो.

दुधासाठी बनलेले उपकरण

मातीतील तेल मोजण्याचे सर्वांत जुने साधन तेलासाठी बनलेलेच नव्हते. जर्मन कृषिरसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या संदर्भात काचेच्या एका उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. खाली चंबूत द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने नमुन्यावर पडते. नमुन्याचे भांडे भरले की वक्रनलिकेच्या तत्त्वाने सगळा द्रावक आपोआप चंबूत परततो, मात्र परतताना विरघळलेली चरबी सोबत नेतो. हे चक्र तासन्‌तास चालते आणि प्रत्येक फेरीत नमुन्याला ताजा द्रावक मिळतो. शेवटी द्रावक उडवून द्यायचा आणि उरलेला अवशेष तराजूत घालायचा.

दुधाच्या जागी माती ठेवली, तरी तत्त्व तेच राहते. विसाव्या शतकात ‘तेल व ग्रीस’ मोजण्याची पद्धत याच मार्गाने प्रयोगशाळांत रुळली. सॉक्स्लेटचे उपकरण आजही विद्यापीठांच्या रसायनशाळांत पाहायला मिळते, कारण ते स्वस्त, भरवशाचे आणि समजायला सोपे आहे.

त्याच्या दोन मर्यादा मात्र सुरुवातीपासून होत्या. पहिली अशी की, द्रावकात विरघळते ते सगळेच तेल नसते. पानांवरील मेण, बियांतील चरबी, जंतूंच्या पेशींतील स्निग्ध पदार्थ आणि मातीतील ह्यूमसचा काही भाग हेही अवशेषात उतरतात. दुसरी मर्यादा अशी की, द्रावक उडवताना त्याच्यासोबत पेट्रोलसारखे हलके घटकही उडून जातात. त्यामुळे तराजू एकीकडे नको ते मोजतो आणि दुसरीकडे हवे ते गमावतो. दोन्ही चुका एकमेकींना झाकत असल्यामुळे अंतिम आकडा कधी कधी अगदी विश्वासार्ह दिसतो.

प्रकाशाने मोजलेले तेल

१९७० च्या दशकात तराजूला पर्याय म्हणून अवरक्त प्रकाश आला. कार्बन आणि हायड्रोजन यांना जोडणारा बंध एखाद्या स्प्रिंगप्रमाणे ताणला जातो आणि आखडतो. या कंपनाची वारंवारता ठरावीक असते. अल्केन साखळीतील अशा बंधांची कंपने २९३० प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येच्या आसपास, म्हणजे सुमारे ३.४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. अर्कातून असा प्रकाश सोडला आणि किती शोषला गेला ते पाहिले, तर अर्कात असे किती बंध आहेत ते कळते. बंध कळले की हायड्रोकार्बनचा अंदाज येतो.

येथे एक अडचण होती. माती धुण्यासाठी वापरलेल्या द्रावकातच कार्बन-हायड्रोजन बंध असतील, तर प्रकाश द्रावकच गिळून टाकेल. असे बंध मुळीच नसलेला द्रावक हवा होता. कार्बन टेट्राक्लोराइड तसा आहे, पण तो यकृताला घातक ठरतो. फ्रेऑन-११३ मध्ये कार्बनला केवळ क्लोरीन आणि फ्लुओरीन जोडलेले असतात. तो विषारीही फारसा नाही आणि पेटतही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली ४१८.१ क्रमांकाची पद्धत याच जोडीवर उभी होती: फ्रेऑनने अर्क काढायचा, सिलिका जेलमधून फिरवून चरबीसारखे ध्रुवीय पदार्थ अडवायचे आणि उरलेल्यावर अवरक्त प्रकाश टाकायचा.

ही पद्धत मुळात पाणी आणि सांडपाणी यांच्यासाठी लिहिलेली होती. ती मातीकडे वळली, त्यामागे कायद्याचा एक वळसा आहे. लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर अमेरिकेने १९८० मध्ये विषारी स्थळांच्या शुद्धीकरणाचा ‘सुपरफंड’ कायदा केला, पण त्यातून खनिज तेल वगळले. १९८४ च्या दुरुस्तीने जमिनीखालील इंधनटाक्यांवर वेगळे नियंत्रण आले. पेट्रोल पंपांखालच्या गळक्या टाक्या शोधण्याचे काम देशभर सुरू झाले आणि मातीचे असंख्य नमुने प्रयोगशाळांच्या दारात येऊन पडले. हाताशी असलेली वेगवान व स्वस्त पद्धत ४१८.१ होती. पाण्याची पद्धत मातीला लावली गेली आणि ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ हा शब्दप्रयोग व्यवहारात रूढ झाला.

या पद्धतीचे मोजमाप एका ठरीव संदर्भ-मिश्रणाशी जुळवलेले असे: पंधरा भाग हेक्साडेकेन, पंधरा भाग आयसोऑक्टेन आणि दहा भाग क्लोरोबेंझीन. जमिनीत सांडलेले तेल या मिश्रणासारखे असेल, तर उत्तर बरोबर येई. पण बेंझीनसारख्या ॲरोमॅटिक संयुगांतील बंध या तरंगसंख्येवर फारसा प्रकाश शोषत नाहीत. परिणामी आरोग्याला अधिक घातक असलेला घटकच या मापात कमी भरे.

ओझोनचा करार आणि मातीचा आकडा

या पद्धतीचा शेवट अनपेक्षित दिशेने झाला. फ्रेऑनसारखी क्लोरोफ्लुओरोकार्बन संयुगे वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन नष्ट करतात, हे स्पष्ट झाल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. विकसित देशांत १९९६ पासून अशा संयुगांचे उत्पादन, मोजके अपवाद वगळता, थांबले. आकाश वाचवण्यासाठी झालेल्या कराराने माती मोजण्याचे साधन काढून घेतले.

पर्याय म्हणून अमेरिकेत १९९९ मध्ये १६६४ क्रमांकाची पद्धत अधिकृत झाली. तिचा द्रावक हेक्सेन. पण हेक्सेन स्वतःच हायड्रोकार्बन असल्याने अवरक्त प्रकाशाचा मार्ग बंद झाला. प्रयोगशाळा पुन्हा तराजूकडे आल्या आणि द्रावक उडवताना हलके घटक गमावण्याची जुनी अडचणही परत आली. पेट्रोलपासून डिझेलपर्यंतची इंधने या पद्धतीत अंशतः किंवा पूर्णतः निसटू शकतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. १९८५ चा आकडा आणि २००० चा आकडा शेजारी ठेवून ‘येथील तेल कमी झाले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा असू शकतो. दोन आकड्यांच्या मध्ये तेल कमी झाले असेल किंवा केवळ द्रावक बदलला असेल.

बेरजेकडून आलेखाकडे

खरा बदल वायू-वर्णलेखनाने, म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफीने घडवला. ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी १९५२ मध्ये हे तंत्र मांडले. १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे ज्वाला-आयनीभवन शोधक तयार केला. लांब नळीतून वायूसोबत वाहताना हलके रेणू आधी आणि जड रेणू नंतर बाहेर पडतात. बाहेर पडताच ते हायड्रोजनच्या ज्योतीत जळतात, विद्युतभारित कण निर्माण होतात आणि कार्बनच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. कागदावर एक आलेख उमटतो आणि त्यात प्रत्येक संयुगाचे शिखर आपल्या ठरलेल्या वेळी उभे राहते.

२००४ च्या आयएसओ १६७०३ या आंतरराष्ट्रीय मानकाने मातीसाठी ही पद्धत बांधून दिली. ॲसिटोन व हेप्टेनसारख्या द्रावकाने अर्क काढायचा, ॲसिटोन पाण्याने धुऊन काढायचा, फ्लोरिसिल नावाच्या शोषकातून अर्क गाळायचा आणि दहा कार्बनच्या अल्केनपासून चाळीस कार्बनच्या अल्केनपर्यंत आलेखाखालील क्षेत्रफळ मोजायचे. ॲसिटोन कशासाठी, याचे उत्तर मातीच्या स्वभावात आहे. ओल्या चिकणमातीच्या कणांभोवती पाण्याचे पातळ आवरण असते आणि हेप्टेन पाण्यात मिसळत नसल्याने ते कणापर्यंत पोहोचतच नाही. ॲसिटोन दोघांशी जुळवून घेतो आणि वाट मोकळी करतो.

या आलेखाने आकड्याला चेहरा दिला. पेट्रोलचा आलेख डावीकडे दाटतो, डिझेलचा मध्यभागी उंचावतो आणि वंगणतेलाचा उजवीकडे पसरट टेकडीसारखा दिसतो. ताज्या तेलात सरळ साखळीच्या अल्केनांची शिखरे उंच आणि नेटकी असतात. जंतू तेल खाऊ लागले की आधी हीच शिखरे खाली बसतात, कारण सरळ साखळी पचवायला सोपी असते. प्रिस्टेनसारखी फांद्या फुटलेली संयुगे मागे राहतात. त्यामुळे सतरा कार्बनच्या अल्केनचे प्रिस्टेनशी असलेले गुणोत्तर पाहून तेलावर जंतूंचे काम सुरू झाले आहे का, हे सांगता येते. बेरजेच्या एका आकड्यात यातले काहीच दिसत नव्हते.

चहाच्या पानावरचे मेण

आसामसाठी या आलेखाचे महत्त्व विशेष आहे. वरच्या आसामात तेलक्षेत्रे आणि चहाचे मळे एकमेकांना खेटून आहेत. वनस्पती आपल्या पानांवर मेणाचा थर चढवतात आणि त्या मेणात हायड्रोकार्बनही असतात. सिलिका जेल चरबीला अडवते, पण अल्केनला अडवत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे पाने कुजलेल्या किंवा दलदलीच्या मातीत तेलाचा थेंब न पडताही काही प्रमाणात ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ सापडू शकतात.

दोघांत फरक करण्याची खूण निसर्गानेच ठेवली आहे. वनस्पती मेणातील अल्केन दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांतून घडतात आणि शेवटी एक कार्बन गमावतात. म्हणून त्यांत २७, २९, ३१ अशा विषम संख्येच्या साखळ्या ठळकपणे जास्त असतात. खनिज तेल लक्षावधी वर्षे जमिनीखाली शिजलेले असल्यामुळे त्यात सम-विषम असा भेद जवळजवळ पुसला गेलेला असतो. आलेखावर एकाआड एक शिखर उंच दिसले, तर ते पानांचे मेण असण्याची शक्यता मोठी. सगळी शिखरे सलग उतरत गेली, तर ते तेल.

हा भेद न करता केवळ बेरीज पाहिली, तर चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. कंपनी म्हणू शकते की हे सगळे पानांचे मेण आहे. तक्रारदार म्हणू शकतो की हे सगळे तेल आहे. दोघांच्या हातात एकच आकडा असतो आणि तो दोघांनाही खोटे पाडत नाही.

किती म्हणजे जास्त?

मोजता आले, तरी मर्यादा कोठे आखायची हा प्रश्न उरतो. नेदरलँड्समधील लेकरकर्क येथे १९८० मध्ये घरांची एक वसाहत रासायनिक कचऱ्यावर बांधली गेल्याचे उघड झाले. त्या धक्क्यातून त्या देशात मातीच्या शुद्धीकरणाचा कायदा झाला आणि ‘डच यादी’ या नावाने ओळखली जाणारी मूल्ये जगभर वापरली जाऊ लागली. त्या यादीत खनिज तेलासाठी ५० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम हे लक्ष्यमूल्य आणि ५००० हे हस्तक्षेपमूल्य धरले गेले. ही मूल्ये १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या प्रमाण मातीसाठी होती. मातीतील सेंद्रिय पदार्थ बदलले की त्या प्रमाणात मर्यादाही बदलायची, अशी तरतूद त्यातच होती. भारतातील अनेक मातींत सेंद्रिय पदार्थ त्याहून खूपच कमी असतात. ५००० हा आकडा जसाच्या तसा उचलून येथे वापरला, तर मूळ मर्यादेचा अर्थच सैल होतो.

शिवाय मर्यादा कोरड्या मातीसाठी असते. प्रयोगशाळेत आलेल्या १० ग्रॅम ओल्या मातीत ४० मिलिग्रॅम तेल सापडले, तर साध्या भागाकाराने उत्तर ४००० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम येते. त्या मातीत २५ टक्के ओल असेल, तर कोरडी माती केवळ ७.५ ग्रॅम आणि उत्तर सुमारे ५३३३. तीच माती, तेच तेल; पण एका हिशेबात मर्यादेच्या आत आणि दुसऱ्यात बाहेर.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील एका कार्यगटाने एकाच बेरजेचा आग्रह सोडून हायड्रोकार्बनांचे गट पाडण्याचा मार्ग मांडला. साखळीरूप आणि ॲरोमॅटिक असे दोन भाग करायचे, प्रत्येकाचे कार्बनसंख्येनुसार उपगट करायचे आणि त्या-त्या गटाची विषाक्तता व वहनक्षमता पाहून धोका ठरवायचा. कॅनडाने २००१ च्या राष्ट्रीय मानकात चार गट केले: ६ ते १० कार्बन, १० ते १६, १६ ते ३४ आणि ३४ च्या पुढे. त्यामागील विचार साधा आहे. १००० मिलिग्रॅम पेट्रोल आणि १००० मिलिग्रॅम डांबर यांचे वजन सारखे असले, तरी विहिरीच्या पाण्याला त्यांचा धोका सारखा नसतो.

तेल खाणारे जंतू आणि रिकामा वाफा

मोजमापाची खरी कसोटी शुद्धीकरणाच्या दाव्यांत लागते. या क्षेत्रात भारतीय नाव जगापुढे आले ते आनंद मोहन चक्रवर्ती यांचे. पश्चिम बंगालमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना तेलाचे अनेक घटक पचवू शकणारा जंतू तयार केला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जिवंत सूक्ष्मजीवाला पेटंट मिळू शकते, हे त्या निकालाने ठरले. तो जंतू मात्र सांडलेल्या तेलावर प्रत्यक्षात सोडला गेला नाही.

भारतात वाट वेगळी निघाली. दिल्लीच्या टेरी संस्थेत बनवारी लाल आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल न केलेल्या, निसर्गात सापडणाऱ्या जंतूंचा समूह विकसित केला. तो ‘ऑइलझॅपर’ या नावाने ओळखला जातो. २००१ मध्ये या गटाने एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारातील तेलकट गाळाने माखलेल्या जमिनीवरचा पूर्ण क्षमतेचा प्रयोग ‘ॲप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जंतू आणि पोषकद्रव्ये दिलेल्या दोन वाफ्यांत एका वर्षात एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन अनुक्रमे ९२.० आणि ८९.७ टक्के घटले.

या शोधनिबंधातील तिसरा आकडा सहसा उद्धृत होत नाही, पण विद्यार्थ्यांनी तोच आधी वाचावा. ज्या वाफ्यात हे उपचार केले नव्हते, तेथे घट १४.० टक्के होती. उडून जाणे, पावसाने धुपणे, मातीतील मूळच्या जंतूंनी खाणे या सगळ्यांतून ती होऊ शकते. हा तुलनेचा वाफा नसता, तर ९२ टक्क्यांतील किती श्रेय जंतूंचे आणि किती ऊन-पावसाचे, हे कोणालाच सांगता आले नसते. या गटाने बेरीजही फोडून दाखवली: अल्केन, ॲरोमॅटिक आणि डांबरासारखे जड घटक वेगवेगळे मोजले. एका वाफ्यात अल्केन ९५.१ टक्के घटले असताना जड घटकांची घट ६३.५ टक्केच होती. सोपे आधी संपते आणि अवघड मागे उरते.

आकडा खाली आणण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्यात एकही रेणू नष्ट होत नाही: दूषित माती नांगरून स्वच्छ मातीत मिसळणे. दुप्पट माती झाली की प्रति किलोग्रॅम आकडा निम्मा होतो. ही पळवाट पकडण्याची युक्ती १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतरच्या अभ्यासांत पुढे आली. तेलात होपेन नावाचे एक चिवट संयुग असते आणि जंतू त्याला सहजी हात लावत नाहीत. माती केवळ मिसळली असेल, तर तेल आणि होपेन सारख्याच प्रमाणात घटतात. तेल खरोखर पचले असेल, तर होपेनच्या तुलनेत बाकीचे घटते.

बागजान

२७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात ऑइल इंडिया लिमिटेडच्या बागजान येथील पाच क्रमांकाच्या विहिरीचा स्फोटक उद्रेक झाला. वायू आणि द्रवरूप संघनित हायड्रोकार्बन अनियंत्रितपणे बाहेर पडू लागले. ९ जून रोजी आग लागली आणि अग्निशमन दलाच्या दोन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. विहीर पूर्णपणे शांत व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. हजारो माणसांना घरे सोडावी लागली. शेजारी मागुरी-मोटापुंग बील ही पाणथळ जागा आणि डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने चौकशीसाठी समिती नेमली.

मोजमापाच्या दृष्टीने हे प्रकरण अवघड होते, कारण येथे मातीवर पडलेले द्रव्य जड कच्चे तेल नव्हते. संघनित द्रव हलका असतो आणि त्याचा मोठा भाग बाष्पनशील असतो. हेक्सेन उडवून अवशेष तोलणाऱ्या पद्धतीत तो द्रावकासोबतच उडून जातो. दहा कार्बनपासून पुढे मोजणाऱ्या मानकातही त्याचा हलका भाग मोजणीच्या बाहेर राहतो. त्याला पकडायचे, तर नमुना जागेवरच बंद कुपीत घ्यावा लागतो, मिथेनॉलसारख्या द्रावकात ठेवावा लागतो, थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो आणि बाष्पनशील घटकांसाठीची वेगळी चाचणी लावावी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली माती आठवड्याभराने तपासली, तर ‘फारसे काही आढळले नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणे देता येते. ते उत्तर त्या दिवशीच्या पिशवीबद्दल खरे असते, जमिनीवर काय पडले होते याबद्दल नाही.

अशा वेळी अपघाताआधीचे नमुने फार मोलाचे ठरतात. जेथे तेल नैसर्गिकरीत्या पाझरते, जेथे शतकभर उत्खनन चालू आहे आणि जेथे पानांचे मेण मातीत भरपूर आहे, तेथे ‘आधी किती होते’ हे माहीत नसेल, तर ‘आता किती वाढले’ हे सांगताना प्रत्येक पक्षाला आपल्या सोयीचा प्रारंभबिंदू निवडता येतो.

मृदा आरोग्य पत्रिकेत न दिसणारे तेल

भारतात माती तपासण्याची व्यवस्थाच नाही, असे नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका योजनेखाली देशभर मातीच्या चाचण्या होत आहेत. त्यात सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ निकष मोजले जातात. ही तपासणी सुपीकतेसाठी आहे आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. तिच्यात हायड्रोकार्बन मात्र नाहीत.

यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ पासून प्रचलित आहे. तिच्यात डायक्रोमेटने मातीतील कार्बन जाळला जातो आणि किती डायक्रोमेट खर्च झाले ते पाहिले जाते. हा कार्बन ह्यूमसमधून आला की डिझेलमधून, हे त्या चाचणीला ओळखता येत नाही. तेल सांडलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचा आकडा म्हणूनच चढा दिसतो. पीक जळालेल्या शेताच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब: भरपूर’ असा शेरा उमटू शकतो. उपकरण बिघडलेले नसते आणि तंत्रज्ञानेही चूक केलेली नसते. प्रश्नच वेगळा विचारलेला असतो.

अहवाल वाचताना

२०२५ च्या नियमांमुळे येत्या काळात मातीच्या तपासणीचे अहवाल अधिक संख्येने तयार होतील. ते न्यायालयांत मांडले जातील, वृत्तपत्रांत छापले जातील आणि ग्रामसभांत वाचले जातील. दीडशे वर्षांच्या या इतिहासाने शिकवलेले प्रश्न तेव्हा उपयोगी पडतील. कोणता द्रावक वापरला? किती कार्बनपासून किती कार्बनपर्यंत मोजले? आकडा ओल्या मातीचा की कोरड्या? वनस्पतींचे मेण वेगळे ओळखले का? नमुना कशात आणि किती दिवस ठेवला? शेजारच्या स्वच्छ जमिनीचा नमुना तुलनेसाठी घेतला का? आलेख जोडला आहे, की केवळ बेरीज?

यातील एकाही प्रश्नासाठी महागडे यंत्र लागत नाही. उत्तरे प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आधीच लिहिलेली असतात. ती अहवालाच्या पानावर आली पाहिजेत, एवढेच. नोंदवहीतील या ओळी अहवालातून गळतात, तेव्हा ‘५००० पेक्षा कमी’ असा शेरा विज्ञानाचा निष्कर्ष वाटू लागतो. प्रत्यक्षात तो अनेक निवडींचा परिणाम असतो आणि त्या निवडी कोणी केल्या, हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या शेतातून ती माती उचलली त्याला आहे.